आधी जागा, मग पोतं

२०२३ साल, आणि माझं वय एकाहत्तर. शिक्षण चौथी, तेही कुहीकडच्या एका खेड्यात, अन् त्यातलं एक वर्ष मास्तर फिरकलेच नाहीत, म्हणजे खरं धरलं तर तिसरी. त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं नागपूरच्या धान्यबाजारात हमाली केली. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं लपवलं. लपवायचं काय त्यात? या शहरानं खाल्लेली किती तूर माझ्या पाठीवरून गेली, हे खाणाऱ्यांना माहीत नाही, मला माहीत आहे.

त्या वर्षी मी लिनक्स शिकलो. कॉम्प्युटर हा नुसता डबा असतो. त्याच्या आत बसून त्याला चालवणारी जी सिस्टिम असते, तिचा हा एक प्रकार. जुन्या, थकलेल्या डब्यावरही चालतो. माऊसनं टिचक्या मारूनही काम होतं, पण खरं काम होतं काळ्या खिडकीत. तिथं हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं, की तो करतो. शिकवणारे पुस्तकातून शिकवतात. मी कसा शिकलो अन् कुठे आपटलो, ते सांगतो. नवीन माणसाला पुस्तकापेक्षा आपटलेल्या माणसाचा उपयोग जास्त.

आधी कारण सांगतो. आदल्या वर्षी माझ्या बायकोच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल. ऑपरेशनला पंधरा दिवस होते. पुण्याहून पोरगी धावत आली आणि आईचाच मोबाइल आईसमोर धरून बसली.

"आई, बोलून ठेव वं."

"काय बोलू?"

"काही बी बोल. रोज बोलते तेच बोल."

मग ती बोलली. कणकेचे सरगुंडे काडीवर कसे वळायचे. माहेरी कोणत्या आत्याचा कोणाशी अबोला आहे. धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करताना बाया काय गायच्या. शेजारणीनं नेलेली परात. असे एकूण त्रेचाळीस तुकडे झाले. मग ऑपरेशन झालं, जीव राहिला, आवाज गेला. ते त्रेचाळीस तुकडे मोबाइलमध्ये पडून राहिले. मी एकही ऐकला नाही. पोरगी म्हणते, बाबाची हिंमत झाली नाही. मी म्हणतो, वेळ झाला नाही.

त्यानंतर ती मला जेवायला बोलवायची ती ताट वाजवून. मी बाहेर ओट्यावर बसलेला असायचो. एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून ती स्टीलचं ताट आणि पळी घेऊन दारात यायची. टण टण टण. समोरचा पानठेल्यावाला रोज तेच म्हणायचा, "जा गा, शाळा भरली."

एक दिवस माझं डोकं फिरलं. "मी बैल आहो का? ताट काय वाजवते?" म्हणून ओरडलो. तिनं ताट खाली ठेवलं. त्या दिवशी तिनं बोलावलंच नाही. मीही उठलो नाही. तीन वाजता आत गेलो तर दोघांचीही ताटं वाढलेली, झाकलेली, थंड. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. ज्या बाईचा आवाज चार घरं ओलांडून जायचा, तिला ताट वाजवणं आवडत असेल का, हे मला तेव्हा समजलं. उशीरच झाला समजायला.

मी ठरवलं, ही मला तिच्या आवाजातच बोलावेल. आवाज आहे ना मोबाइलात? मग काढू बाहेर. एवढ्या तुकड्यांत 'जेवाले या' असेलच कुठेतरी. पण मोबाइलची काच माझ्या बोटांना जुमानत नाही. हमाली करून बोटांची कातडी इतकी घासली आहे की मी दहा वेळा दाबलं तरी तिला माणूस दाबून राहिला असं वाटतच नाही. बायको हसायची आणि स्वतःच्या बोटानं उघडून द्यायची. मला ते खपत नव्हतं. मला दणकून दाबता येईल असं बटन पाहिजे होतं.

घरात पोरीच्या कॉलेजच्या वेळचा कॉम्प्युटर पडून होता. सीताबर्डीच्या एका दुकानात नेला. दुकानदारानं चालू केला, पाच मिनिटं वाट पाहिली आणि म्हणाला, "बाबाजी, याले भंगारात टाका."

शेजारी एक बाई वायर विकत घ्यायला आल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, केस पूर्ण पांढरे, पायात बूट. त्या म्हणाल्या, "भंगारात काहून टाकता? माझ्याकडे आणा." त्या सरकारी ऑफिसातून कॉम्प्युटरच्या कामावरून निवृत्त झाल्या होत्या. दर रविवारी सकाळी मनीषनगरला, आपल्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये, ज्याला यायचं त्याला लिनक्स शिकवायच्या. मी त्यांना मॅडम म्हणायला लागलो, त्या मला काकाजी.

पहिल्या रविवारी गेलो तर हॉलमध्ये आठदहा जण. सगळे पेन्शनवाले, चष्मेवाले. त्यातले एक निवृत्त साहेब माझ्या शेजारी बसले. मी कुठे काम करायचो विचारलं, मी सांगितलं. साहेब म्हणाले, "मग काकाजी, तुमाले हे कायले पायजे? आमालेच जड जाऊन राहिलं."

मी म्हटलं, "साहेब, जड उचलाचंच काम केलं जी मी. तुमाले जड झालं तं सांगा, तुमचं बी उचलतो."

हॉल हसला. साहेबही हसले, पण मला टोचलं होतं. त्या दिवशी मनाशी खूणगाठ बांधली की या साहेबाच्या आधी शिकीन.

इंग्रजी अक्षरं मला येत होती. शाळेत नाही, पोत्यांवर शिकलो. प्रत्येक व्यापाऱ्याचा मार्का पोत्यावर काळ्या रंगात छापलेला असायचा, तो ओळखता आला नाही तर माल भलत्याच गाडीत जायचा. पण पोत्यांवरची अक्षरं सगळी मोठी. कीबोर्डवरही मोठीच. आणि दाबलं की पडद्यावर उमटतात बारीक! मी मॅडमला म्हटलं, "याच्यात एक छापलं अन् दुसरंच निघून राहिलं, मशीन खराब आहे." त्यांनी मला बारीक अक्षरं शिकवली. पहिला हुकूम होता एल-एस. म्हणजे, इथं काय काय पडलं आहे ते दाखव. पडद्यावर बारीक एल म्हणजे एक काठी, आणि एस म्हणजे आमचा पोतं उचलायचा हूक. काठी आणि हूक. माझ्या डोक्यात ते असं बसलं की अजून निघालं नाही. मी वही केली आणि प्रत्येक हुकुमासमोर माझ्या भाषेत त्याचं काम लिहिलं. एल-एस: गोदामात नजर टाकणे. एम-व्ही: उचलून दुसरीकडे नेणे. एम-के-डी-आय-आर: माल ठेवायला नवी खोली बांधणे. नवीन माणसानं हेच करावं. दुसऱ्याची वही उतरवू नये. आपण ज्या कामात हाडं झिजवली, त्या कामाच्या शब्दांत लिहावं.

मला त्या सिस्टिमची एक गोष्ट फार आवडली. हुकूम बरोबर गेला की ती काहीच बोलत नाही. नुसती पुढची ओळ देते. चुकला तरच बोलते. साहेबांना त्याचा त्रास व्हायचा. "झालं का नाही झालं, समजूनच नाही राहिलं. 'हो' तं म्हणावं ना यानं!"

"काम केल्यावर बोंब कायले मारायची जी?" मी म्हणायचो. "चांगला गडी काम करते अन् चूप राहते."

मॅडमनी तेव्हा मला थांबवलं होतं. "काकाजी, तो चूप राहिला म्हणजे तुम्ही सांगितलं ते त्यानं केलं, एवढंच. तुमच्या मनात होतं ते केलं, असं नाही. प्रत्येक हुकुमानंतर एल-एस करून पाहत जा."

मी मान हलवली आणि कानामागे टाकलं. का टाकलं, ते सांगतो. आम्ही हमाल रांगेनं चालायचो. गाडीपासून थप्पीपर्यंत, म्हणजे जिथं पोती एकावर एक रचतात तिथपर्यंत. पोतं टाकलं की मागे वळून पाहायचं नाही, हा नियम. डावीकडून वळायचं आणि सरळ गाडीकडे चालायला लागायचं. कारण तुमच्या मागे दुसरा माणूस क्विंटलभर ओझं घेऊन येत असतो. तुम्ही 'नीट पडलं का' म्हणून पाहत उभे राहिलात तर त्याचे गुडघे जातात. पाहायचं काम थप्पीवर उभ्या असलेल्या माणसाचं. पोतं वाकडं पडलं तर तो ओरडेल. तो ओरडला नाही म्हणजे ठीक. चाळीस वर्षं मी मागे पाहिलं नाही. आता ही बाई सांगते, प्रत्येक वेळी मागे पाहा. हमालाला कोणी असं सांगतं का?

एप्रिलमध्ये पोरगी आली. तिनं ते त्रेचाळीस तुकडे मोबाइलमधून माझ्या कॉम्प्युटरवर टाकले. मी सांगितलं, नावंबिवं देऊ नको, एक ते त्रेचाळीस नंबर दे. तिनं दिले. ती म्हणाली, "बाबा, एक कॉपी मी पुण्याले नेतो."

"काही गरज नाही. तुह्या आईचा आवाज गावोगाव फिरवाचा नाही. घरचा माल घरी राहीन."

"बाबा, पण..."

"सांगतलं ना एकदा."

माझ्याशी वाद घालून काही होत नाही, हे ती लहानपणापासून जाणते. तेव्हा मला ते माझं मोठेपण वाटत होतं.

मे महिन्यात बायको कूलरमध्ये पाणी भरत होती आणि मोबाइल तिच्या पोलक्यातून घसरून कूलरच्या टाकीत पडला. काढला, तांदळात ठेवला, उन्हात ठेवला. गेला तो गेला. मी म्हटलं, "जाऊ दे, माल गोदामात आहे."

त्याच्या पुढच्या आठवड्यातली दुपार. मॅडमनी मला शिकवलं होतं की एक अक्षर दाबून एंटर केलं की ठरवलेला आवाज वाजेल असं करता येतं. इंग्रजी 'जे' म्हणजे जेवण, 'सी' म्हणजे चहा. त्याच्या आधी मला ते त्रेचाळीसही आवाज एका खोलीत नीट रचायचे होते. खोलीचं नाव ठरवलं, आवाज. इंग्रजी अक्षरांत. बायको आत लवंडली होती, कूलर घरघरत होता. मी बसलो.

सगळे आवाज एका हुकुमात नेता येतात. एक चांदणी, म्हणजे ते ताऱ्यासारखं चिन्ह, टाकायची की झालं. मॅडमनी दाखवलं होतं. पण मला ती चांदणी पटत नव्हती. एक पोतं, एक खेप. चांदणीनं माल हलवणं म्हणजे ट्रक उलटा करण्यासारखं. मी एकेक नेला. एम-व्ही, एक, आवाज, एंटर. चूप. एम-व्ही, दोन, आवाज, एंटर. चूप. दोन बोटांनी टाइप करतो मी. दीड तास लागला. मध्ये एकदाही मागे पाहिलं नाही. त्रेचाळीसावा टाकला तेव्हा अंगात तीच जुनी धुंदी आली, गाडी रिकामी झाल्यावर यायची ती. माठातलं पाणी प्यायलो. मग म्हटलं, चला, आता थप्पी पाहू.

काठी, हूक, एंटर.

एकच ओळ. आवाज. खोली नव्हती ती. एक फाईल होती.

ती वाजवली. बायकोचा आवाज आला. वर्षभरानं पहिल्यांदा. "झालं ना वं आता? बंद कर. अजी, जेवाले या जी, ताट वाढलं." आणि संपलं. तो त्रेचाळीसावा होता. बाकीचे बेचाळीस कुठेच नव्हते.

मी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काकाजी, खोली आधी बांधली होती का?"

नव्हती बांधली. नाव ठरवलं, वहीत लिहिलं, आणि बांधायची राहिली. मग त्या मशीननं काय केलं? मी म्हटलं, एक नंबर 'आवाज'कडे ने. तिथं खोली नाही, म्हणून त्यानं एक नंबरचं नावच बदलून 'आवाज' केलं. मग म्हटलं, दोन नंबर 'आवाज'कडे ने. त्यानं पहिला फेकला आणि दुसऱ्याला ते नाव दिलं. तिसऱ्याच्या वेळी दुसरा फेकला. एकाच पोत्याची जागा, आणि मी दर खेपेला आधीचं पोतं नालीत लाथाडून नवीन ठेवत होतो. त्यानं विचारलं नाही, कारण मी विचार असं सांगितलं नव्हतं. चांदणी टाकली असती तर तो ओरडला असता, की एवढा माल ठेवायला खोलीच नाही. माझी एक पोतं, एक खेप मला नडली. थप्पीची जागा केल्याशिवाय, खाली फळ्या टाकल्याशिवाय पहिलं पोतं उचलायचं नाही, हे मी जन्मभर नव्या गड्यांना ओरडून सांगितलं होतं. मीच विसरलो.

मॅडम म्हणाल्या, "आता काहीही करू नका. एक बटनही नाही. वायर काढा. नाव गेलं तरी माल लगेच जात नाही. त्या जागेवर दुसरा माल पडेपर्यंत आत राहतो. उद्या सकाळी डबा माझ्याकडे आणा. सगळं मिळेलच असं सांगत नाही मी."

वायर काढली आणि बसून राहिलो. आता खरं लिहितो. माझ्या मनात आलं, हिला सांगायची गरजच काय? जेवायला बोलवायचा आवाज तर वाचला आहे. 'जे' दाबलं की तेच वाजायला पाहिजे होतं. बाकीचे तिनं कधी मागितले? नाही मिळाले तर कोणाला कळणार? पाच मिनिटं मी असा विचार केला. पण चाळीस वर्षांत माझ्या हातून फाटलेलं पोतं मी थप्पीत लपवलं नाही. फाटलं तर मुकादमासमोर नेऊन टाकायचो.

ती चहा घेऊन आली. मी म्हटलं, "तुहा आवाज माह्या हातून गेला वं. बेचाळीस गेले. एकच राहिला."

ती उभी राहिली. मला वाटलं कप फेकून मारेल, मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं कप खाली ठेवला. तिची पाटी घेतली. त्या पाटीवर ती मला बाजारातून काय आणायचं ते लिहून द्यायची, दोन शब्दांत. तिनं दोनच शब्द लिहिले.

घेऊन या.

दुसऱ्या दिवशी डबा दुपट्ट्यात बांधला, पाठीवर घेतला आणि निघालो. ऑटोवाला म्हणाला, "बाबाजी, मागं ठेवून देतो." मी म्हटलं, "याले पाठीवरच राहू दे." तसाच बसलो, पाठ सीटला न टेकवता, मनीषनगरपर्यंत.

मॅडमनी डबा पेनड्राइव्हवरून सुरू केला, म्हणजे आतल्या डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही. मग शोधायला लावला. संध्याकाळपर्यंत तो डिस्क चाळत राहिला. जे सापडलं ते एका वेगळ्या डिस्कवर टाकलं. पण नावं, नंबर काही नाही. पोरीची कॉलेजची गाणी, टिंग टिंग आवाज, कुठल्या कुठल्या भाषणांचे तुकडे, हजारो. त्यातून माझ्या बायकोचे निवडायचे.

मॅडम म्हणाल्या, "सगळे ऐकावे लागतील, काकाजी."

"ऐकतो ना. काम काय आहे मले दुसरं?"

तीन दिवस मी त्या हॉलमध्ये बसलो. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, कानाला हेडफोन लावून. दुसऱ्या दिवशी निवृत्त साहेब आले. मला वाटलं, आता टोमणा येणार. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. मग म्हणाले, "अर्धे मले द्या. मी ऐकतो."

"तुमी ओळखान का तिचा आवाज?"

"एक ऐकवा. मग ओळखतो."

मी त्यांना एक ऐकवला. नेमका तो माझ्यावरचाच निघाला. "आमचे हे तं बापा, चुकले तरी सांगन बरोबरच आहे. मीठ जास्त पडलं म्हटलं तं म्हणते, नाही, तुहीच जीभ बिघडली." साहेबांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, "ओळखला बरं का. माह्या घरी बी हाच आवाज आहे." त्या दिवसापासून ते माझ्या शेजारी बसून अर्धा ढीग ऐकायचे. तिचा आवाज लागला की टेबलावर थाप मारायचे.

जे वर्षभर ऐकलं नव्हतं, ते तीन दिवसांत ऐकलं. सरगुंडे वळताना बोट कसं फिरवायचं ते ऐकलं. बांधीतलं गाणं ऐकलं. ते तिनं मला लग्नानंतर कधी म्हणून दाखवलं नव्हतं, की म्हटलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, देव जाणे. मी हॉलमधून बाहेर गेलो, जिन्यात थोडा उभा राहिलो, परत येऊन बसलो. ढीग संपायचा होता.

बेचाळीसपैकी पस्तीस मिळाले. सात गेले ते गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा पाठीवर घेऊन घरी आलो, आणि आम्ही दोघांनी बसून सगळे ऐकले. तिनं डोळे मिटून ऐकले. शेवटी सात बोटं वर केली. तिला न मोजता माहीत होतं. गेलेल्या सातांत काय होतं हे मला माहीत नाही, कारण मी वेळेवर ऐकलंच नव्हतं. जगात एकट्या तिला माहीत आहे. मी विचारलं, "काय होतं वं त्या सातांत?"

तिनं पाटी घेतली, थोडा विचार केला आणि लिहिलं, सगळ्या तुमच्याच तक्रारी. आणि खांदे हलवून हसली. खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून लिहिलं, ते मी विचारलं नाही.

मग मी पुण्याला फोन लावला. पोरीला म्हटलं, "तू म्हणत होती ना, एक कॉपी. घेऊन जा. एका मालाच्या दोन थप्प्या पायजे, अन् एक दुसऱ्या गावाले." ती म्हणाली, "बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?" बापानं कधी माघार घेतलेली तिनं पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, चहाच्याही आधी, मी काळी खिडकी उघडली. मॅडमनी चांदणी पुन्हा समजावून दिली होती. मी तरी एकेकच नेणार होतो, ते बदललं नाही. पण आधी खोली बांधली. काठी आणि हूक दाबून पाहिलं, खोली उभी आहे. आत गेलो, रिकामी आहे ते पाहिलं, बाहेर आलो. मग पहिला आवाज नेला, तोही हलवून नाही, नक्कल करून, म्हणजे मूळ माल जागेवरच राहील. मागे वळून पाहिलं. पडला होता नीट. दुसरा नेला. पाहिलं. तिसरा नेला. पाहिलं.

बाविसाव्याला आतून चहासाठी ताट वाजलं. टण टण टण.

"थांब वं," मी म्हटलं, "थप्पी लावून राहिलो," आणि तेविसावा उचलला.